लोकनायकांचे अखेरचे पर्व

२२ नोव्हेंबर १९७५ रोजी जयप्रकाश नारायण यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल करण्यात आले, तेव्हा त्यांनी वयाची ७३ वर्षे पूर्ण केली होती. जेमतेम दहा दिवसांपूर्वी चंडीगडच्या स्थानबद्धतेतून त्यांची पॅरोलवर सुटका झाली होती. देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती आणि सत्तेला आव्हान देणारा हा वृद्ध नेता मरणाच्या दारात उभा होता. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांना आढळले. येथून पुढे ते जगणार होते ते डायलिसिसच्या आधारे. तरीही त्यांना आणखी जवळपास चार वर्षे मिळाली. त्या चार वर्षांत त्यांनी विखुरलेल्या विरोधी पक्षांना एकत्र आणले, निवडणुकीचा प्रचार केला आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच केंद्रातील सत्ता बदललेली पाहिली.

या चार वर्षांचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्याच काळाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा रुग्ण एका डॉक्टरच्या किंवा एका यंत्राच्या बळावर जगत नाही. त्याच्याभोवती अनेक माणसांचा मेळ जुळावा लागतो. जयप्रकाशांच्या बाबतीत तो मेळ जुळला, पण उशिरा जुळला. त्या उशिराची आणि त्या मेळाची ही कहाणी आहे.

सिताबदियारा ते नाशिकरोड

गंगा आणि घाघरा या नद्यांच्या संगमाजवळील सिताबदियारा या गावी ११ ऑक्टोबर १९०२ रोजी जयप्रकाशांचा जन्म झाला. १९२० साली त्यांचा विवाह बिहारमधील नामवंत काँग्रेस नेते ब्रजकिशोर प्रसाद यांची कन्या प्रभावती यांच्याशी झाला. असहकाराच्या चळवळीत परीक्षा तोंडावर आली असताना त्यांनी सरकारी महाविद्यालय सोडले. १९२२ साली ते अमेरिकेला गेले. फळबागा, डबाबंद खाद्यपदार्थांचे कारखाने, उपाहारगृहे अशा ठिकाणी मजुरी करीत त्यांनी तेथील वेगवेगळ्या विद्यापीठांत शिक्षण घेतले. १९२९ साली मायदेशी परतले तेव्हा ते मार्क्सवादी झाले होते. प्रभावतींनी या वर्षांत गांधीजींच्या आश्रमात राहून ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते. पतीने त्या व्रताचा मान राखला आणि दोघांचे सहजीवन अखेरपर्यंत तसेच राहिले.

महाराष्ट्राशी जयप्रकाशांचे पहिले घट्ट नाते तुरुंगात जुळले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३२ साली त्यांना मद्रासमध्ये अटक झाली आणि नाशिकरोडच्या कारागृहात आणण्यात आले. तेथे त्यांना नगरचे अच्युतराव पटवर्धन भेटले. ना. ग. गोरे, अशोक मेहता, मिनू मसानी हेही तेथेच होते. तुरुंगातील या चर्चांतूनच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. नाशिकहून खाली कोपरगावकडे वाहत येणाऱ्या गोदावरीच्या या पट्ट्यात समाजवादी विचाराची जी बीजे पडली, त्यांतील काहींचा उगम त्या भिंतींच्या आड होता, असे म्हणता येईल.

पुढची दहा वर्षे वणवणीची होती. ९ नोव्हेंबर १९४२ रोजी, ऐन दिवाळीच्या रात्री, धोतरांचा दोर करून जयप्रकाश पाच साथीदारांसह हजारीबाग तुरुंगाच्या भिंतीवरून उतरले. सायटिकाच्या दुखण्याने बेजार असताना ते जंगलातून अनवाणी चालत राहिले. नेपाळच्या हद्दीत त्यांनी आझाद दस्ता उभारला. १९४३ साली ते पंजाबात रेल्वेगाडीत पकडले गेले आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा अनन्वित छळ झाला. झोपू न देता तासन् तास चौकशी हा त्या छळाचा एक भाग होता. एप्रिल १९४६ मध्ये ते सुटले, तेव्हा देशातील तरुणांच्या गळ्यातील ताईत बनले होते.

शरीराकडे पाहण्याची त्यांची वृत्ती मात्र गांधीयुगातील कार्यकर्त्यांसारखीच होती. शरीर हे कामाचे साधन आहे, ते झिजणारच, असे त्या पिढीने मानले. १९५२ साली पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. टपाल कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावर झालेल्या गैरसमजातून आत्मशुद्धीसाठी केलेल्या या उपोषणाने त्यांच्या विचारांना वळण दिले. माणसाने चांगले का वागावे, या प्रश्नाचे उत्तर भौतिकवादात सापडत नाही, अशा निष्कर्षाला ते आले. १९५४ साली बोधगया येथे त्यांनी विनोबांच्या भूदान कार्यासाठी जीवनदान जाहीर केले. पक्ष आणि सत्ता यांच्या राजकारणातून ते बाहेर पडले. १९६५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७२ साली चंबळच्या खोऱ्यातील शेकडो डाकूंनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून शस्त्रे खाली ठेवली.

मुका आजार

१५ एप्रिल १९७३ रोजी कर्करोगाने प्रभावतींचे निधन झाले. अर्धशतकाहून अधिक काळ ज्यांच्याशी जीवन बांधलेले होते, त्या गेल्याने जयप्रकाश आतून खचले. स्वतःची प्रकृतीही धड नव्हती. मधुमेह होता, हृदयाचा विकार होता. अशा अवस्थेत १९७४ साली बिहारच्या विद्यार्थ्यांनी त्यांना नेतृत्वासाठी साद घातली. आंदोलन ऐन भरात असतानाच त्यांना प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जावे लागले. तेथून परतल्यावर ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला पाटण्यात मोर्चावर लाठ्या बरसल्या, तेव्हा मूळचे मराठवाड्यातील नानाजी देशमुख यांनी जयप्रकाशांवरचा घाव आपल्या हातावर झेलला.

मधुमेह, उतारवय, हृदयविकार आणि प्रोस्टेटची वाढ. आजचा कोणताही डॉक्टर ही यादी ऐकताच रुग्णाच्या मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगेल. कारण हा अवयव फार सोशिक आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सारा शरीराला परत करून जेमतेम दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. मधुमेह आणि रक्तदाब या गाळण्या हळूहळू बंद पाडतात. निम्म्याहून अधिक काम थांबले तरी माणूस हिंडत-फिरत असतो. थकवा वयावर ढकलला जातो, भूक मंदावली तर पोटावर आणि सूज आली तर प्रवासावर. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने पाहिल्याखेरीज हा मुका आजार बोलत नाही.

२५ जून १९७५ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर सभा झाली. त्याच रात्री आणीबाणी जारी झाली आणि पहाटेपूर्वीच गांधी शांती प्रतिष्ठानातून जयप्रकाशांना अटक करण्यात आली. हरियाणातील सोहना, मग दिल्लीचे वैद्यकीय विज्ञान संस्थान, आणि जुलैच्या आरंभी चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेचा आवार असा त्यांचा प्रवास झाला. देशातील नामांकित रुग्णालय हाच त्यांचा तुरुंग होता. पण तेथे ते एकटे होते. बोलायला सोबती नव्हता. आपल्या एकटेपणाची आणि देशाच्या अवस्थेची नोंद त्यांनी डायरीत केली. ती डायरी पुढे अ. भि. शहा यांनी संपादित केली आणि १९७७ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केली.

स्थानबद्धतेच्या उत्तरार्धात पोटदुखी सुरू झाली, अशक्तपणा वाढत गेला. चंडीगडचे जिल्हाधिकारी एम. जी. देवसहायम यांना कैद्याच्या ढासळत्या प्रकृतीची चिंता वाटू लागली. धाकटे बंधू राजेश्वर प्रसाद यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून धोक्याची जाणीव दिली. अखेर १२ नोव्हेंबरला सुटका झाली. दिल्लीत काही दिवस काढून जयप्रकाश मुंबईला आले, आणि आजाराचे खरे गांभीर्य तेथे समोर आले.

कोठडीत असताना मूत्रपिंडे निकामी व्हावीत, हा योगायोग अनेकांना पटला नाही. स्वतः जयप्रकाशांच्या मनातही शंका होती आणि ती त्यांनी बोलून दाखवली. जनता सरकारच्या काळात या प्रकरणाच्या चौकशीसाठी आयोगही नेमला गेला. हेतूची चर्चा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. इतकी ठिकाणे, इतके डॉक्टर आणि इतकी दुखणी यांना जोडणारा धागा कोणा एकाच्या हाती नव्हता. मधुमेह एकाकडे, हृदय दुसऱ्याकडे, प्रोस्टेट तिसऱ्याकडे. आणि ज्याला आपल्या दुखण्याविषयी आप्तांशी मोकळेपणाने बोलता येत नाही असा रुग्ण. जुनाट आजाराला याहून सोयीची परिस्थिती मिळत नाही.

जसलोकचा मजला

जसलोक रुग्णालय तेव्हा अगदी नवे होते. शेठ लोकूमल चनराय यांच्या देणगीतून आणि शल्यविशारद डॉ. शांतिलाल मेहता यांच्या कल्पनेतून ते उभे राहिले होते. ६ जुलै १९७३ रोजी त्याचे उद्‌घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले होते. ज्या नेत्याला त्यांच्या सरकारने स्थानबद्ध केले, त्याचे प्राण त्यांनीच उद्‌घाटन केलेल्या वास्तूत वाचले, ही इतिहासाची एक गंमतच म्हटली पाहिजे.

मूत्रपिंडाच्या विकारांवर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी हे जसलोकमध्ये त्या विभागाची धुरा वाहत होते. हे शास्त्र भारतात तेव्हा बाल्यावस्थेत होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. विद्या आचार्य यांच्यासारखे मोजके तज्ज्ञ या विषयाची पायाभरणी करीत होते. वेल्लोरला १९७१ साली मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले होते. पण सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या रुग्णाला प्रत्यारोपणाचा मार्ग सहसा खुला नसे. उरले ते डायलिसिस.

डायलिसिसची कल्पना सांगायला सोपी आहे. रुग्णाचे रक्त नळीवाटे बाहेर काढायचे, पातळ पडद्याच्या एका बाजूने खेळवायचे, दुसऱ्या बाजूने क्षारांचे ठरावीक प्रमाण असलेले पाणी सोडायचे. रक्तातील घाण पाण्यात उतरते, शुद्ध झालेले रक्त परत शरीरात जाते. हॉलंडमधील कांपेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे यंत्र बनवले. परंतु दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने ते काही दिवसांच्या संकटापुरतेच उपयोगी होते. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची बसवता येणारी नळी तयार केली आणि जुनाट रुग्णाला वर्षानुवर्षे जगवणे शक्य झाले. त्यांचा पहिला रुग्ण अकरा वर्षे जगला.

प्रत्यक्षात मात्र ही साधी कल्पना रोज नव्याने पेलावी लागते. रक्त बाहेर काढण्याची वाट तयार करायला आणि ती बंद पडली की दुरुस्त करायला शल्यविशारद लागतो. यंत्राला लागणारे पाणी शुद्ध आहे की नाही, हे पाहायला तंत्रज्ञ लागतो, कारण चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये शंभराहून अधिक लिटर पाणी रक्ताच्या सान्निध्यात येते. रक्तदाब अचानक कोसळला तर पहिल्या मिनिटात लक्षात येण्यासाठी परिचारिका जवळ असावी लागते. किती पाणी प्यायचे, मीठ किती, कोणते फळ चालेल आणि कोणते नाही, हे आहारतज्ज्ञाने ठरवायचे असते. सुदृढ माणसाला अमृत असलेले शहाळ्याचे पाणी किंवा केळे या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम वाढवून हृदय बंद पाडू शकते. मूत्रपिंड निकामी झाले की रक्त तयार होण्याची प्रक्रियाही मंदावते. त्यावरचे इरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन जगात आले ते १९८९ च्या सुमारास. जयप्रकाशांच्या काळात अशा रुग्णांना रक्त चढवण्यावाचून इलाज नव्हता आणि प्रत्येक बाटलीबरोबर काविळीची टांगती तलवार असे.

डिसेंबर १९७५ मध्ये स्थानबद्धतेचा हुकूम मागे घेण्यात आला. जसलोकच्या खोलीत हळूहळू माणसांची ये-जा सुरू झाली. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्यासारखे जुने सहकारी विरोधी पक्षांच्या ऐक्यासाठी खटपट करीत होते. डायलिसिसचे दिवस आणि भेटींचे दिवस वेगळे ठेवावे लागत, कारण या उपचारानंतर रुग्ण गळून जातो. मे १९७६ मध्ये मुंबईतच जयप्रकाशांनी नव्या एकत्रित पक्षाचा मनोदय जाहीर केला. ज्याच्या शरीराचा कारभार आता दुसऱ्यांच्या हाती होता, तो देशाचा कारभार कोणा एकाच्या हाती राहू नये म्हणून धडपडत होता.

एक रुपयाचे यंत्र

रुग्णालयात कायमचे राहणे शक्य नव्हते आणि जयप्रकाशांना पाटण्याला परतायचे होते. बिहारमध्ये अशा उपचारांची सोय नव्हती. घरी वापरता येईल असे यंत्र विकत घेणे हाच मार्ग होता आणि त्याची किंमत एका सर्वोदयी कार्यकर्त्याच्या कल्पनेपलीकडची होती. गांधी शांती प्रतिष्ठानचे राधाकृष्ण आणि इतर सहकाऱ्यांनी निधी उभारायचे ठरवले. इंदिरा गांधी यांनी पंतप्रधान मदतनिधीतून ९० हजार रुपयांचा धनादेश पाठवला. तो स्वीकारावा की नाही, यावर सहकाऱ्यांत मतभेद झाले. अखेर जयप्रकाशांनी तो परत केला. सामान्य माणसाने प्रत्येकी एक-एक रुपया द्यावा, या आवाहनाला लोकांनी प्रतिसाद दिला आणि यंत्र आले.

हा निर्णय केवळ स्वाभिमानाचा नव्हता. सिएटलला डायलिसिस सुरू झाले तेव्हा यंत्रे थोडी आणि रुग्ण फार होते. कोणाला जगवायचे हे ठरवण्यासाठी तेथे सामान्य नागरिकांची एक समिती नेमावी लागली होती आणि त्यावर अमेरिकेत मोठे वादळ उठले होते. भारतात अशी समिती कधी नेमली गेली नाही. येथे तो निर्णय पैशाने आणि अंतराने परस्पर घेतला जात होता. जयप्रकाशांसारख्या सर्वपरिचित माणसासाठी देश धावून आला, पण त्याच वेळी त्याच आजाराने निदानाविना मरणाऱ्या असंख्यांची नोंदही होत नव्हती. आपले प्राण सरकारी तिजोरीऐवजी लोकांच्या रुपयावर तोलून धरण्यात जयप्रकाशांनी निदान एवढे सुचवले, की हा भार समाजाने उचलायचा आहे.

१९७६ च्या पावसाळ्यात ते पाटण्याला गेले. कदमकुआँ भागातील महिला चरखा समितीच्या वास्तूत, प्रभावतींनी उभारलेल्या संस्थेच्या आवारात, त्यांचे बिऱ्हाड होते. तेथेच डायलिसिसची खोली तयार झाली. ठरावीक दिवशी ठरावीक तास यंत्राला जखडून राहायचे, मोजके पाणी प्यायचे, मोजके खायचे, असा दिनक्रम ठरला. उपचार करणारे, पाहुण्यांना आवरणारे आणि पत्रव्यवहार सांभाळणारे सचिव, रात्रंदिवस जवळ राहणारे सेवक, आणि अधूनमधून मुंबईला नेऊन होणारी तपासणी या सगळ्यांची एक साखळी जुळली. साखळीतील एक कडी निखळली तरी सगळेच अडले असते.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या. डायलिसिसच्या दोन सत्रांमधल्या दिवसांत जयप्रकाशांनी प्रचारसभा घेतल्या. खुर्चीवर बसून, क्षीण आवाजात ते बोलत आणि लाखोंचा समुदाय निःशब्द होऊन ऐके. २० मार्चला निकाल लागू लागले. २४ मार्चला राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना त्यांनी शपथ दिली. तीस वर्षांची काँग्रेसची केंद्रातील सत्ता संपली होती.

मे महिन्यात उपचारासाठी त्यांना सिएटलला नेण्यात आले. जेथे या उपचाराचा जन्म झाला, त्याच शहरात तो रुग्ण म्हणून गेला, ज्याने तरुणपणी त्याच देशात मजुरी करून शिक्षण घेतले होते. परतल्यावर मात्र पाहावे लागले ते जनता पक्षातील भांडण. ऑगस्ट १९७७ मध्ये बेलचीला जाऊन आल्यानंतर इंदिरा गांधी पाटण्यात त्यांना भेटायला आल्या. वैर त्यांनी व्यक्तीशी कधी धरलेच नव्हते. नेत्यांच्या स्पर्धेला आवर घालण्याची ताकद मात्र त्या शरीरात उरली नव्हती.

कोपरगावच्या वाटेवर

जयप्रकाशांच्या काळात जे दुर्मीळ होते, ते आता पुष्कळ जवळ आले आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदुमृत व्यक्तीचे अवयव देणे कायदेशीर केले. २०१६ साली केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. यंत्रासाठी एक-एक रुपया गोळा करण्याची वेळ आता प्रत्येकावर येत नाही.

परंतु यंत्र जवळ आले म्हणजे मेळ जुळलाच, असे नाही. कोपरगावसारखे उसाच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव घ्यावे. शिर्डी आणि लोणी येथील मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर, नाशिक आणि अहिल्यानगर काही तासांच्या वाटेवर. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास असे डायलिसिस धरले, तर वर्षाला १५६ खेपा आणि ६२४ तास होतात. त्यात जाण्या-येण्याचा वेळ धरलेला नाही. रुग्णाबरोबर घरातील एका माणसाची मजुरी बुडते. कर्ता माणूसच रुग्ण असेल तर शेताचे पाणी, सोसायटीचे कर्ज आणि मुलांची फी हे सगळे त्या खुर्चीशेजारी येऊन बसते. हे ऐकून घेणारा आणि योजनेचे कागद पुरे करून देणारा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक हा उपचारातील दुय्यम माणूस नव्हे. तो नसेल तर निष्णात डॉक्टरचा रुग्णही तिसऱ्या महिन्यात येईनासा होतो.

याहून महत्त्वाचे काम डायलिसिसच्या फार आधीचे आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी गावातला डॉक्टर करू शकतो. मूत्रपिंडाची घसरण मंदावणारी औषधे आज उपलब्ध आहेत. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि अज्ञात भस्मे टाळायला आशा कार्यकर्ती सांगू शकते. गावातला डॉक्टर, तालुक्याचा फिजिशियन आणि शहरातला मूत्रपिंडतज्ज्ञ हे तिघे एकच कागद वाचत असतील, तर हाताची रक्तवाहिनी वेळेवर तयार करता येते, प्रत्यारोपणाचा विचार वेळेवर करता येतो, आणि रुग्ण पहिल्यांदा डायलिसिसला येतो तो धापा टाकत, रात्री-अपरात्री येत नाही. जयप्रकाशांना जे अखेरच्या टप्प्यावर, देशाच्या लोकप्रेमामुळे मिळाले, ते सामान्य रुग्णाला पहिल्या टप्प्यावर, हक्काने मिळावे, इतकाच याचा अर्थ.

अखेर

मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश पुन्हा जसलोकमध्ये अत्यवस्थ झाले. चुकीच्या माहितीवरून त्यांच्या निधनाची वार्ता थेट लोकसभेत पोहोचली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली आणि कामकाज तहकूब केले. देशभर दुःखाची लाट पसरली असताना मुंबईत रुग्णालयाबाहेर जमलेल्या लोकांना जनता पक्षाचे अध्यक्ष चंद्रशेखर यांनी सांगितले, की जयप्रकाश जिवंत आहेत. आपल्याच श्रद्धांजलीनंतर ते आणखी सहा महिने जगले. तेवढ्या अवधीत त्यांच्या डोळ्यांदेखत जनता सरकार कोसळले.

८ ऑक्टोबर १९७९ रोजी पहाटे, ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर आला असताना, पाटण्याच्या त्याच घरी त्यांची प्राणज्योत मालवली. मधुमेह आणि हृदयविकाराने थकलेले शरीर आणखी साथ देऊ शकले नाही. गंगेच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १९९९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

सत्तेचे विकेंद्रीकरण, गावाचे स्वतःचे राज्य, कोणा एकाच्या हाती सर्वाधिकार नकोत, ही जयप्रकाशांची आयुष्यभराची शिकवण होती. देशाने ती किती ऐकली, याचा हिशेब इतिहासकार करीत राहतील. मूत्रपिंडांनी साथ सोडल्यानंतरची त्यांची चार वर्षे मात्र तीच शिकवण वेगळ्या भाषेत सांगतात. शल्यविशारदाचा हात, तंत्रज्ञाची नजर, परिचारिकेची जाग, सेवकाचा संयम आणि अनोळखी माणसाने दिलेला एक रुपया, यांपैकी कोणी एकटा त्यांना जगवू शकला नसता.